हिशेब ग्रॅमचा

२०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचा निर्णय घेतला आणि वाइन म्हणजे दारू का, यावर राज्यभर वाद झाला. सिंधुदुर्गात याच वादाचं घरगुती रूप बारमाही चालतं: माडी माडाची, हुर्राक काजूची, म्हणून ती अंगाला बरी; बाधते ती इंग्लिश. स्कॉटलंडमध्ये राहून हे ऐकताना एकच गोष्ट खटकते. पोटात अल्कोहोल किती ग्रॅम गेलं, हे कोणी विचारतच नाही. लिव्हरला तर तेवढंच कळतं.

इथल्या बहुतेक बाटल्यांवर युनिट छापलेले असतात. एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात ८ ग्रॅम. आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नका, हा सरकारी सल्ला. तोच हिशेब आपल्याकडे लावून बघा. ४२.८ टक्क्यांच्या १८० मिली क्वार्टरमध्ये साधारण ६१ ग्रॅम. ८ टक्क्यांच्या ६५० मिली स्ट्राँग बिअरमध्ये ४१. हुर्राक १५ टक्क्यांच्या आसपास धरली तर ३०० मिलीत ३५. वर लिम्का ओतल्याने त्यातला एक ग्रॅमही कमी होत नाही. १४ युनिट म्हणजे ११२ ग्रॅम, म्हणून रोज क्वार्टर घेणाऱ्याचा आठवड्याचा कोटा दुसऱ्याच दिवशी संपतो.

लिव्हरमधलं एक एन्झाइम अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड करतं, दुसरं त्याचं ॲसिटेट करतं, आणि शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइड उरतो. वेग बहुतेकांचा तासाला ७ ते १० ग्रॅम. लिंबू, ताक, कोरी कॉफी, डोक्यावर थंड पाणी, कशानेही तो वाढत नाही. म्हणजे एक क्वार्टर उतरायला सहा ते पावणेनऊ तास. शिमग्यात रात्री बाराच्या सुमारास ती संपवून पहाटे पाचला मुंबईची गाडी काढणाऱ्या चाकरमान्याच्या रक्तात ती अजून असते, झोप झाली असली तरी.

खरा घात त्या मधल्या ॲसिटाल्डिहाइडचा. ते पेशींच्या डीएनएला इजा करतं, आणि तोंडातले जिवाणूही ते तिथल्या तिथे तयार करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच मद्याला सिद्ध कर्ककारकांच्या यादीत घातलं. तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं, स्तन: इतक्या जागी धोका वाढतो. जोडीला तंबाखू असेल तर तोंड-घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. फेणी असो की स्कॉच, ॲसिटाल्डिहाइड तेच.

नुसते आकडे छापून भागतं, असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये २०२३ साली थेट मद्यामुळे दहा हजारांहून जास्त माणसं गेली, आणि कर्करोगाचा इशारा इथेही सक्तीचा नाही. पण स्कॉटलंडने २०१८ पासून दर युनिटला किमान किंमत बांधून दिली. आज ती ६५ पेन्स आहे. आपल्याकडे देशी, विदेशी, बिअर, वाइन असे कराचे वेगवेगळे खण, आणि बांद्यापलीकडे गोव्यात स्वस्त माल. कर ग्रॅमवर लावावा आणि बाटलीवर ग्रॅम छापावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर घरच्यांनी जपायच्या काही गोष्टी. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्याने उपाशीपोटी प्यायली तर साखर धोकादायक खाली जाते. लिव्हर अल्कोहोल जाळण्यात गुंतलेलं असतं, नवी साखर बनवायचं काम मागे पडतं. रोज पिणाऱ्याने डोकं दुखतंय म्हणून पॅरासिटामॉलच्या गोळ्यांवर गोळ्या घेऊ नयेत, कारण त्याच्या लिव्हरमध्ये तिचं विष जास्त बनतं. लिव्हरवरची चरबी दारू सोडल्यावर काही आठवड्यांत ओसरू शकते. सिरॉसिसचे, म्हणजे लिव्हर कडक करणारे, व्रण मात्र सहसा पुसले जात नाहीत.

आणि सोडताना सगळ्यात मोठी चूक होते. माळ घातली, देवासमोर शपथ घेतली की त्याच दिवशी बाटली बंद. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याला अशाने पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, घाम आणि भास वाढून जीवही जाऊ शकतो. माळ जरूर घालावी. पण आधी डॉक्टरांना रोजचं खरं प्रमाण सांगावं, म्हणजे ते काही दिवसांपुरत्या उतरत्या मात्रेच्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देतात, आणि गरज वाटली तर दाखल करून घेतात.