पड की जरा!

सकाळी उठल्यावर पहिला तासभर मी कुणाच्याच कामाची नसते. आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे, मग हातानं रेटा देऊन धड वर आणायचं. मान सगळ्यात शेवटी, तिच्या मर्जीनं. दूधवाल्यानं मागून हाक मारली तर मान वळत नाही, मी अख्खी वळते. दहा वाजता मात्र मी ऑफिसचे जिने तुरुतुरु चढते. त्यामुळे माझ्या आजारावर ऑफिसात कुणाचा विश्वास नाही आणि तब्येतीवर घरात कुणाचा नाही.

आजाराचं नाव अँकायलोजिंग स्पॉन्डिलायटिस. सासूबाई त्याला 'तुझं ते' म्हणतात. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते. कंबरेच्या तळाशी, मणका खुब्याच्या हाडाला मिळतो तिथं सूज धरते आणि हळूहळू वर चढते. फारच मनावर घेतलं तर मणके एकमेकांना कायमचे सांधून टाकते. सुरुवात बहुधा पंचेचाळिशीच्या आतच होते, पण बाईची कंबर दुखते म्हटल्यावर आधी बाळंतपणावर खापर, मग कॅल्शियमच्या गोळ्या, मग 'वजन उतरवा'. हे सगळं यथासांग पार पडल्यावर मी मिरजेला गेले. सांगलीकराला जरा जास्त झालं की तो मिरज गाठतो; वानलेस डॉक्टरांनी 1894 साली तिथं दवाखाना काढला, तेव्हापासूनची ही वहिवाट आहे.

डॉक्टरांनी पाठीवर पेनानं दहा सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा केल्या आणि म्हणाले, "वाका." चांगला माणूस वाकला की त्या दहाचे साधारण पंधरा होतात. ब्लाउजचं माप घ्यावं तशी त्यांनी टेप धरली आणि म्हणाले, "साडेअकरा." शिंप्यानं निदान "ताई, कापड आटलंय" असं तरी म्हटलं असतं.

मग रक्ताची तपासणी. त्यात एचएलए-बी27 नावाचं जनुक निघालं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "आमच्यात नाही बाई कुणाला असलं." लग्नात माहेरून काय आणलंस हा विषय आमच्याकडे कधी निघाला नव्हता, तो असा निघाला. हे जनुक असलेल्या बहुतेकांना हा आजार होतच नाही, असं मी सांगून पाहिलं. त्यावर "मग तुलाच बरा झाला!"

तर औषध आहेच, पण त्याच्या जोडीला रोज व्यायाम. आणि खरी पंचाईत इथंच आहे. साधी कंबरदुखी पडून राहिलं की उतरते. ही पडून राहिलं की चढते आणि हललं की सुटते. म्हणजे ज्याला माझी दया येत नाही तोच माझ्या भल्याचा. सांगलीत असा माणूस मिळणं अवघड. इथं माया दाखवायची म्हणजे "खा की" आणि "पड की", तिसरा प्रकार मला माहीत नाही. कंबरेवर हात गेलेला दिसायचा अवकाश, शेजारच्या काकू कुंपणावरून ओरडतात, "अगं, काय करालीयस? पड की जरा!"

गंमत म्हणजे पडायचाही एक व्यायाम आहे. पाठीला पोक येऊ नये म्हणून रोज थोडा वेळ पालथं पडून राहायचं. एकदा मी हॉलमध्ये अशी पालथी असताना गॅसवाला आला. दार उघडंच होतं. त्यानं सिलिंडर हळूच खाली ठेवला आणि गल्लीत जाऊन काकूंना बोलावून आणलं. काकूंनी येताना कांदा आणला होता. तो फोडून माझ्या नाकाशी धरेपर्यंत मी नुसतीच हसत होते, आणि पालथ्या माणसाचे हलणारे खांदे बघून गॅसवाल्यानं काय समजायचं ते समजून घेतलं.

दुसरा व्यायाम भिंतीचा. टाचा, पाठ आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकवून उभं राहायचं. डोकं टेकतंय तोवर बरं चाललंय असं धरायचं. परिणाम असा की दिवाळीत रंगवलेल्या भिंतीवर खोबरेल तेलाचा एक गोल उमटला आहे. अहो त्या गोलाकडे बघून उसासा टाकतात. गोल आहे तिथंच आहे, म्हणजे मी वाकलेली नाही, हे त्यांना आनंदानं सांगितलं तर म्हणाले, "रंगाचं काय?"

पोहणं फार चांगलं, असंही डॉक्टर म्हणाले होते. घरापासून कृष्णा जवळ. पण कृष्णेत मगरी आहेत, आणि मगर पाठीमागून आली तर मला अख्खं वळावं लागणार. म्हणून मग आमराईत चालणं. पहिल्या फेरीत सत्तरीचे आजोबा मला मागं टाकतात आणि जाताना हळद सांगतात. सांगलीत सूज म्हटलं की हळद. 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली, पूर्वी हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं साठवली जायची ती हळद. तिच्यातलं कर्क्युमिन, म्हणजे सूज उतरवतं म्हणतात ते द्रव्य, पोटात गेलं तरी रक्तात फार थोडं उतरतं, हे ज्या गावात अख्खा बाजार हळदीवर चालतो तिथं सकाळी सकाळी बोलायचं नसतं. मी दूध-हळद पिते आणि गोळीही घेते. तिसऱ्या फेरीपर्यंत अंग सुटतं आणि मी आजोबांना मागं टाकते. त्यांना वाटतं, हळद लागू पडली.

सगळ्यात कठीण म्हणजे नाटक. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात नाटक उभं केलं, पण बघणाऱ्याला दोन-अडीच तास एका जागी बसायला लावलं. मी कडेची खुर्ची घेते आणि अंक रंगात आला की उठून मागच्या भिंतीला टाचा-डोकं लावून उभी राहते. परवा अशीच उभी होते. शेवटच्या रांगेतल्या एका मावशींनी दोनदा वळून बघितलं. तिसऱ्यांदा त्या उठूनच आल्या.

"कंबर काय गं?"

"हो."

"मग उभी कशाला मरालीयस? माझ्या खुर्चीवर बस. मी राहते उभी."

नको म्हणेपर्यंत त्यांनी दंडाला धरून मला बसवलं आणि माझ्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. अंक संपेपर्यंत मी हलले नाही. अधूनमधून त्या वाकून कानात विचारत होत्या, "आता बरं वाटतंय न्हवं?"