‘ऑफेलिया’ची मॉडेल गारठून मेली नव्हती

इंग्रज चित्रकार जॉन एव्हरेट मिले यांच्या ‘ऑफेलिया’ (शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात पाण्यात बुडणारी तरुणी) या चित्रासोबत एक मजकूर फिरतोय: नदीत पडून राहिलेली मॉडेल थंडीने गेली आणि चित्रात दिसतो तो तिचा अखेरचा चेहरा. हे साफ खोटं आहे.

नदीत ती उतरलीच नव्हती. काठ, झाडं, फुलं मिले यांनी १८५१ मध्ये सरे परगण्यातल्या हॉग्समिल नदीवर बसून आधीच रंगवली होती. ही मॉडेल, एलिझाबेथ सिडल, पुढच्या हिवाळ्यात लंडनच्या स्टुडिओत, पाण्याने भरलेल्या टबात पडून राहायची. अंगात रुपेरी भरतकामाचा जुना झगा. मिले यांनी तो चार पौंडांना घेतलेला. पाणी कोमट राहावं म्हणून टबाखाली दिवे ठेवत. एकदा ते विझले. चित्रकार कामात गर्क, आणि ही बिचारी तोंडातून ब्रही न काढता पडून राहिली! आजारी पडली, वडिलांनी मिले यांच्याकडे डॉक्टरच्या बिलाचा तगादा लावला. पण ती बरी झाली.

पुढे तिने स्वतः चित्रं काढली, १८५७ मध्ये प्रदर्शनात मांडली, १८६० मध्ये चित्रकार रोझेटीशी लग्न केलं. तिचा मृत्यू फेब्रुवारी १८६२ मधला, लॉडेनम या अफूच्या अर्काचा डोस जास्त झाल्याने.