पीट सीगर आणि ‘चोरलेली’ गाणी: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

गेल्या काही आठवड्यांत कोल्हापुरातील शाहिरी पथकांच्या आणि संगीत शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये अमेरिकन लोकगायक पीट सीगर यांच्याविषयीचा एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आपल्या शाळाशाळांतून म्हटल्या जाणाऱ्या ‘हम होंगे कामयाब’चे मूळ गीत ‘वी शॅल ओव्हरकम’ हे कृष्णवर्णीयांचे होते; सीगर यांनी ते आपल्या नावावर केले आणि जन्मभर त्याची रॉयल्टी खाल्ली; स्वतःचे असे त्यांनी काहीच रचले नाही; अमेरिकी संसदेच्या कम्युनिस्टविरोधी चौकशीत ते घटनादुरुस्तीच्या आडोशाला लपले आणि नंतर छळाची कहाणी सांगत राहिले; बॉब डिलन यांनी विजेची गिटार हाती घेताच सीगर यांनी कुऱ्हाडीने ध्वनिक्षेपकाच्या तारा तोडल्या; आणि एका आफ्रिकी गायकाला त्यांनी लुबाडले. शेवटच्या आरोपात तथ्य आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. बाकीचे म्हणणे खरे नाही. डफ-तुणतुण्यामागे उभे राहून ज्याने वर्षानुवर्षे झील धरली आहे, अशा माझ्यासारख्याला ते तसेच पुढे जाऊ देणे जमणार नाही.

‘वी शॅल ओव्हरकम’ कृष्णवर्णीयांचे आहे, हे मजकुरातील विधान अगदी खरे आहे. पण ते सीगर यांनी दडवले, हे खरे नाही. फिलाडेल्फियाचे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आणि गीतकार चार्ल्स अल्बर्ट टिंडली यांचे एक भजन विसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेले, आणि त्याच सुमारास चर्चमधून गायले जाणारे जुने भजनही लोकांच्या तोंडी होते; या गाण्याचे मूळ त्या भजनांत शोधले जाते. १९४५-४६ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे तंबाखू कारखान्यातील कामगारांचा संप झाला. कारखान्यापुढच्या त्या धरण्यात ल्युसिल सिमन्स नावाची कृष्णवर्णीय कामगार स्त्री हे गाणे संथ, लांबवलेल्या स्वरांत म्हणत असे. तिथून ते टेनेसीतील, चळवळींचे कार्यकर्ते घडवणाऱ्या हायलँडर लोकविद्यालयात गेले आणि तेथील झिल्फिया हॉर्टन यांनी ते १९४७ मध्ये सीगर यांना शिकवले. सीगर यांनी त्याला काही कडवी जोडली. ‘विल’च्या जागी ‘शॅल’ आला, तो बदलही आपला की हायलँडरमधील शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांचा, हे ते ठामपणे आपल्याकडे घेत नसत. पुढे १९६० मध्ये गाय कॅरावान यांनी ते विद्यार्थी चळवळीला शिकवले आणि ते नागरी हक्कांच्या लढ्याचे गाणे झाले.

आता रॉयल्टीविषयी. १९६० नंतर या गाण्याची स्वामित्वनोंद हॉर्टन, फ्रँक हॅमिल्टन, कॅरावान आणि सीगर अशा चौघांच्या नावे झाली, हे कागदोपत्री सत्य आहे. नोंद केली नाही तर कोणी व्यापारी माणूस या गाण्याचे उथळ प्रेमगीत करून टाकेल, अशी भीती प्रकाशकांनी घातली होती, असे सीगर सांगत. मजकूर लिहिणाऱ्याने नोंदीपाशीच हात आखडता घेतला आहे. या गाण्याची रॉयल्टी चौघांपैकी कोणाच्या खिशात जात नव्हती. ती हायलँडरकडील एका निधीत जाई आणि त्यातून दक्षिणेतील कृष्णवर्णीय वस्त्यांमधील कला आणि चळवळीच्या कामांना मदत दिली जाई. २०१८ मध्ये न्यायालयीन तडजोडीनंतर हे गाणे सर्वांना खुले झाले.

आपल्याकडे पोवाड्याच्या शेवटच्या चौकात शाहीर आपले नाव गुंफतो आणि ते नाव कोणी वगळले तर आपण त्याला दोष देतो. जात्यावरच्या ओवीला मात्र नाव नसते. सासुरवाशिणीने माहेरून आणलेली ओवी शेजारीण उचलते, एक ओळ बदलते, आणि ती तिचीही होते. लोकगीताकडे शाहिराच्या नाममुद्रेच्या हिशेबाने पाहिले की बदल करणारा प्रत्येक जण चोर दिसू लागतो. सीगर ओवीच्या परंपरेत काम करत होते. प्रश्न फक्त इतकाच उरतो की पैसा आणि कायदा मध्ये आल्यावर ते कसे वागले.

याच प्रश्नावर ते एकदा कमी पडले. दक्षिण आफ्रिकेतील सॉलोमन लिंडा यांनी १९३९ मध्ये जोहान्सबर्गला ‘म्बुबे’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याची तबकडी लोकसंगीत संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्याकडून सीगर यांच्या हाती आली. त्यांनी ती ऐकून शब्द उतरवले, मुख्य शब्द ‘विमोवे’ असा चुकीचा ऐकला, आणि त्यांच्या ‘वीव्हर्स’ या चमूने ते गायले. श्रेय मात्र चमूच्या एका काल्पनिक नावाला गेले. हे पारंपरिक गाणे नसून एका जिवंत माणसाची रचना आहे हे कळल्यावर सीगर यांनी लिंडा यांना एक हजार डॉलर पाठवले आणि त्यांना रॉयल्टी द्यावी असे प्रकाशकांना सांगितले. पण ती खरोखर पोहोचते आहे की नाही, याचा पाठपुरावा त्यांनी केला नाही. १९६१ मध्ये त्याच चालीवर नवे इंग्रजी शब्द बसवून निघालेले गाणे जगभर गाजले, आणि १९६२ मध्ये लिंडा गरिबीत वारले. त्यांच्या मुलींना न्याय्य तडजोड मिळाली ती २००६ मध्ये, ते गाणे चित्रपटात वापरणाऱ्या डिस्नी कंपनीवरील दाव्यानंतर. आपण लक्ष घालायला हवे होते, असे सीगर यांनी पुढे मान्य केले आणि खेदही व्यक्त केला. त्या खेदाने लिंडा यांची हानी भरून निघत नाही, हे मी मान्य करतो. तरीही निष्काळजीपणा आणि लुबाडणूक यांत फरक आहे, आणि ज्याने पैसे पाठवले त्यालाच लुटारू म्हणताना प्रकाशन संस्थांचे नावही न घेणे हे न्यायाचे नाही.

‘स्वतःचे काही रचले नाही’ हा आरोप लवकर निकालात निघतो. ‘वीव्हर्स’मधील सहकारी ली हेज यांच्याबरोबर १९४९ मध्ये रचलेले हातोड्याचे गाणे, आणि १९५५ मध्ये रशियन लेखक शोलोखॉव्ह यांच्या कादंबरीत आलेल्या कोसॅक गीताच्या ओळींवरून रचलेले, फुले कुठे गेली असे विचारणारे युद्धविरोधी गीत ही दोनच उदाहरणे पुरेशी आहेत. दुसऱ्या गाण्याला पुढची कडवी जो हिकरसन यांनी जोडली आणि त्यांचे नाव श्रेयात आहे. पण माझ्या मते त्यांची खरी निर्मिती वेगळीच होती. आपल्या फडात झीलकरी दोन-तीन असतात. सीगर प्रत्येक ओळीआधी तिचे शब्द मोठ्याने सांगून सबंध सभागृहालाच झीलकरी करत, आणि न गाणारी माणसेही घरी जाताना दोन आवाजांत गात जात. ज्याने कधी दीडशे माणसांकडून एक ध्रुपद एका सुरात म्हणवून घेण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला हे किती कठीण आहे ते ठाऊक असेल.

चौकशीचा मुद्दा तर नेमका उलटा मांडला गेला आहे. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क देणारी पाचवी घटनादुरुस्ती हा त्या काळी सुरक्षित मार्ग होता. तो घेणाऱ्यावर संसदेच्या अवमानाचा खटला सहसा टिकत नसे. १८ ऑगस्ट १९५५ रोजी कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीपुढे सीगर यांनी तो मार्ग नाकारला. आपली मते, श्रद्धा आणि संबंध यांविषयी कोणाही अमेरिकी नागरिकाला असे प्रश्न विचारणेच अनुचित आहे, अशी त्यांची भूमिका होती; आपल्या गाण्यांविषयी मात्र बोलायला ते तयार होते. या भूमिकेचे मोल त्यांनी मोजले. १९५७ मध्ये अवमानाचे दहा आरोप, १९६१ मध्ये दोषी ठरवणारा निकाल आणि एक वर्षाची शिक्षा. १९६२ मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली म्हणूनच तुरुंगवास टळला. त्याआधीच ‘वीव्हर्स’लाही फटका बसला होता. १९५० मध्ये ज्यांचे ‘गुडनाइट आयरीन’ तेरा आठवडे लोकप्रियतेच्या यादीत पहिले होते, त्यांना कम्युनिस्ट ठरवलेल्यांना काम नाकारणाऱ्या काळ्या यादीमुळे १९५२ मध्ये काही वर्षे थांबावे लागले होते. सीगर यांना मोठ्या दूरचित्रवाणी वाहिन्यांची दारे १९६७ पर्यंत बंद राहिली, आणि ती सगळी वर्षे त्यांनी शाळा, शिबिरे आणि महाविद्यालयांत गाऊन संसार चालवला.

कुऱ्हाडीची गोष्ट घडलीच नाही. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्ट महोत्सवात डिलन यांच्या गाण्याचे शब्द ध्वनिक्षेपकातून कळेनासे झाले, तेव्हा ‘माझ्याकडे कुऱ्हाड असती तर मी ही तार तोडली असती’ असे सीगर रागाने म्हणाले. ते स्वतःच हे सांगत. तार कोणी तोडली नाही आणि डिलन यांनी वाद्यवृंदासह तीन गाणी पूर्ण केली.

मजकुरात सर्वांत जास्त खटकली ती एक उणीव. कृष्णवर्णीयांचे गाणे चोरले असे ठणकावून सांगणाऱ्या त्या सबंध मजकुरात एकाही कृष्णवर्णीय व्यक्तीचे नाव नाही. सॉलोमन लिंडा यांचाही उल्लेख ‘एक आफ्रिकी गायक’ एवढाच आहे. ज्या शिक्षकांनी तो पुढे पाठवला आहे, त्यांना माझी विनंती आहे की पुढच्या स्नेहसंमेलनात मुलांकडून ‘हम होंगे कामयाब’ म्हणवून घेताना हिंदी रूपांतराचे श्रेय ज्यांना दिले जाते त्या गिरिजाकुमार माथुर यांच्या नावाआधी निवेदकाने चार्ल्स टिंडली आणि चार्ल्सटनच्या संपातील ल्युसिल सिमन्स ही दोन नावे वाचून दाखवावीत.