पगारवाढ झाली, तरी ताई गप्पच

मार्च एंडिंगच्या धावपळीत आमच्या अकाउंट्समधल्या एक ताई म्हणाल्या, "सर, आता मी सांगितलं तेवढंच करते." चिडून म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. अगदी शांतपणे म्हणाल्या.

12 वर्षांचा अनुभव. बदलापूरहून लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रो, मग मरोळ. मध्य रेल्वेचा खोळंबा झाला की लेट मार्क, तीन लेट मार्कला अर्ध्या दिवसाचा पगार कट. तेही त्यांनी सोसलं. पुरवठादारांच्या बिलातला घोळ त्या स्वतः फोन करून निस्तरायच्या, हे त्यांचं खरं कसब. गेल्या वर्षी नियम आला: 500 रुपयांचा फरक असला तरी तीन सह्या. त्यातली एक माझी. मी तेव्हा तोंड उघडलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. नंतर त्यांना चांगली पगारवाढ दिली आणि आम्ही निर्धास्त झालो.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्ग भागातल्या सुमारे 200 इंजिनीअर आणि अकाउंटंट मंडळींना विचारलं होतं: कामावर सगळ्यात छान कधी वाटलं, सगळ्यात वाईट कधी? निष्कर्ष 1959 साली आले. वाईट आठवणींत कंपनीचे नियम आणि साहेबाची वागणूक. चांगल्या आठवणींत तडीस नेलेलं काम, झालेली कदर, हातात आलेली जबाबदारी. पगार त्याने वाईट आठवणींच्या गटात धरला. कमी असला तर माणूस धुसफुसतो, पण वाढला म्हणून कामात जीव ओततोच असं नाही. यावर टीकाही झाली, की चांगल्याचं श्रेय माणूस स्वतःकडे घेतो आणि वाईटाचं खापर कंपनीवर फोडतो. असेल. पण ताईंचा चेहरा पाहिल्यावर मला हर्झबर्गच पटतो.

मुंबईत पगार दुय्यम आहे असं कुणी म्हटलं तर मात्र मी भांडेन. घरभाडं आणि ईएमआय कौतुकाने भागत नाहीत. आधी पगार नीट द्या, आणि मग माणसाच्या हातातलं काम काढून घेऊ नका.

एप्रिलपासून 2,000 रुपयांपर्यंतचा फरक ताईंनीच मिटवायचा, असं मी लेखी मंजूर करून घेतलंय. परवा त्यांनी एका पुरवठादाराला फोनवर चांगलंच धारेवर धरलं, आणि नंतर स्वतःहून मला येऊन सांगितलं. लेट मार्कचं घोडं अजून एचआरकडे अडलंय. तुमच्या ऑफिसात लोकल रखडल्यावर काय करतात, ते कमेंटमध्ये लिहा. मला तिथे दाखवायला उपयोगी पडेल.