वर्गात बसून धडा कोण पाहतं?

नाशिकहून जिल्हा परिषद शाळांविषयी जे काही कानावर येतं, त्यात वाद ठरलेला असतो: गुरुजी मुख्यालयी राहतात का, वेळेवर येतात का. येतात असं धरू. पण आलेले गुरुजी कसं शिकवतात, हे पाहायला कोण जातं?

कागदावर उतरंड पक्की आहे. शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी आणि शाळेच्या सर्वांत जवळचा केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर, 'केंद्रा'वर, देखरेख ठेवणारा. पण पदं रिकामी राहतात, एकाच माणसाकडे दोन केंद्रांचा कार्यभार येतो आणि त्याचा दिवस वरून मागितलेली माहिती गोळा करण्यात जातो. माझी वहिनी पेठ तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे. शेरेबुकातला एक शेरा तिनं मला फोनवर वाचून दाखवला: 'शाळेस भेट दिली. पट व उपस्थिती पाहिली. पोषण आहाराच्या नोंदी अद्ययावत ठेवाव्यात.' घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारं पोर पहिलीच्या पुस्तकापाशी का अडतं, यावर अवाक्षर नाही. वहिनीला नेमकी तिथंच मदत हवी होती.

मी राहतो त्या इंग्लंडमध्ये ऑफस्टेड ही तपासणी यंत्रणा १९९२ पासून आहे. तपासनीस वर्गात बसतात, वाचनात मागं पडलेल्या मुलांना जवळ घेऊन वाचायला लावतात आणि अहवाल कुणालाही वाचता येतो. हे मला मनापासून पटतं. पण अख्ख्या शाळेला एका शब्दाचा शिक्का मारायची पद्धत जीवघेणी ठरली. जानेवारी २०२३ मध्ये एका मुख्याध्यापिकेनं आत्महत्या केली. त्याला तपासणीचाही हातभार लागला, असा निष्कर्ष मृत्यूच्या चौकशीत निघाला. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी शाळांसाठी तो शिक्का बंद झाला. म्हणून 'तिकडच्यासारखी कडक तपासणी आणा' असं कुणी म्हणालं की मला भीती वाटते.

आपल्याकडे केंद्रप्रमुख हे पद मुळात चांगलं आहे. तो बहुधा शिक्षकांमधूनच आलेला असतो, त्याला तालुका ठाऊक असतो. ही पदं आधी भरा. माहिती गोळा करायला वेगळा माणूस द्या. केंद्रप्रमुखानं पूर्ण तास वर्गात बसावं, गुरुजींशी बोलावं आणि महिन्याभरानं पुन्हा त्याच वर्गात यावं. त्याचा शेरा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मोठ्यानं वाचला जावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. आपलं पोर कुठं अडलंय, हे त्यांना तिथं कळायला हवं.