खुलासा: लेकराची स्की 'वाढत्या अंगाची' घेऊ नका

कापूस विकला की लेकरांना घेऊन गुलमर्गला जायचं, असं आमच्या दारव्हा तालुक्यातल्या दोन-तीन घरांत ठरलंय. त्यातच स्कीबद्दल, म्हणजे बर्फावरून घसरायला बुटाखाली अडकवायच्या लांब पट्ट्यांबद्दल, मेसेज फिरतोय: 'पोरानं हात वर केला की बोटांपर्यंत येईल एवढी स्की घ्या, चार वर्षं पुरते.' हे चूक आहे.

ते माप जुन्या, सरळ लांब स्कींचं. नव्यानं शिकणाऱ्या लेकराची स्की उभी धरली तर छाती ते हनुवटीच्या दरम्यान यावी. लेकरू हलकं किंवा भित्रं असेल तर छातीजवळच. लांब स्की त्याला वळवता येत नाही, मग थांबताही येत नाही.

बूट तर मुळीच मोठा नको. शाळेच्या बुटात आपण कापूस कोंबतो, तसं इथं चालत नाही. बूट पायाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये मोजतात. आणि बूट धरून ठेवणारं बाइंडिंग पडताना सुटलंच पाहिजे, नाहीतर पाय मोडू शकतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी सांगून ते जाणकाराकडूनच लावून घ्या. हेल्मेट हवंच, हातातल्या काठ्या सुरुवातीला नकोत.

विकत तरी कशाला घेता? गुलमर्गला सगळं भाड्यानं मिळतं.