"घरातलं कोणीतरी सांगेल की!" म्हणणाऱ्यांसाठी

इथल्या मराठी ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय, की ब्रिटनमध्ये डायबिटीसची तपासणी फोन-व्हिडिओवर आली आणि सगळ्यांना सारखीच सेवा मिळायला लागली, भाषेचं काय घरातलं कोणीतरी सांगतं, रिसर्चमध्ये आपलेच लोक येत नाहीत आणि औषध तर सगळ्यांना सारखंच लागू पडतं. मी लेस्टरला राहते, सासूबाईंना १४ वर्षं शुगर आहे, त्यांचे सगळे फोन मीच घेते, म्हणून राहवत नाहीये.

आधी ते "घरातलं कोणीतरी". एकदा सासूबाई म्हणाल्या, "जीव घाबरा होतोय", मी घाईघाईत नर्सला सांगितलं की त्यांना भीती वाटतेय, आणि ती बिचारी टेन्शन आहे का, झोप लागते का विचारत बसली. शुगर उतरली होती हो त्यांची! हात थरथरत होते, घाम फुटला होता, समोर असत्या तर तिला दिसलं असतं, फोनवर तिच्याकडे फक्त माझे शब्द. आणि मला तर दोन्ही भाषा येतात. फोनवर मुलगा असेल तर लघवीच्या जागी खाज येते हे कुठली आई सांगेल? शुगर वाढली की हा त्रास अगदी कॉमन आहे, आणि नेमका तोच गाळला जातो. ट्रेनिंग घेतलेला दुभाषी लाइनवर हवा, आम्ही सुना-मुलं नाही.

फोन सोयीचा आहे, मान्य, रजा टाकावी लागत नाही. पण शुगरमुळे पायाची संवेदना गेलीये का ते फोनवर नाही कळत.

आता "आपले लोक येत नाहीत". बोलावतं कोण? ईमेल इंग्लिशमध्ये, संमतीचा फॉर्म इंग्लिशमध्ये, कित्येक अभ्यासांच्या अटींतच इंग्लिश यायला हवं असं लिहिलेलं. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये ८ लाख ८० हजार जणांना इंग्लिश नीट बोलता येत नव्हतं, १ लाख ६१ हजारांना अजिबातच नाही, हे सगळे दारातच अडले. यूकेपीडीएस हा ब्रिटनमधला डायबिटीसचा मोठा अभ्यास बघा, १९७७ ते १९९१ मध्ये ५,१०२ पेशंट घेतले, त्यात सुमारे १० टक्के भारतीय वंशाचे होते. तेव्हा कुठे होते व्हिडिओ कॉल न् ॲप? तरी आले ना आपले लोक! आणि नुसतं पत्रक भाषांतर करूनही भागत नाही, सिल्हेटी (बांगलादेशातल्या सिल्हेट भागाची बोली) बोलणाऱ्या कितीतरी आज्यांना बंगाली वाचता येत नाही, त्यांना ऐकवावं लागतं.

राहिलं "सगळ्यांना सारखंच". औषधाचं सोडा, शरीरंच सारखी नाहीत. २००४ मध्ये पुण्याच्या डॉ. याज्ञिकांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिननी स्वतःची मापं छापली, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २२.३, पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई लोकांसाठी धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर आणली ती आपल्यासारख्यांची मापं घेतली म्हणून, आणि माझ्या सासूबाईंचा बीएमआय २४ आहे.